चढावरचा काटा

गाडी त्या चढावर तिसऱ्यांदा बंद पडली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तांड्याचे नायक आमच्या दारात येऊन उभे राहिले. मी चहा ठेवते म्हणाले, तर ते नको म्हणाले. मी बसा म्हणाले, तरी ते उभेच. सत्तरी ओलांडलेला माणूस पाच किलोमीटर चालत येतो आणि चहाला नको म्हणतो, तेव्हा पुढे काय वाढून ठेवलंय ते कळायला फार शहाणपण लागत नाही.

"बाई," ते म्हणाले, "पोरींचे मायबाप कारखान्यावर ऊस तोडून राहिले. लेकरं माझ्या भरवशावर टाकून गेलेत. काल तुमची गाडी बंद पडली, पोरी अर्धा तास रस्त्याच्या कडंला उभ्या व्हत्या. मोटरसायकलवाले थांबून थांबून पाहत व्हते. म्या त्यांच्या मायबापाला काय तोंड दावू?"

मी बोलायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला.

"सोमवारपासून पेपर हाएत, मला ठावं हाय. पण अजून एक डाव गाडी उभी राह्यली, तर पोरी यायच्या न्हाईत. मायबापाकडं कारखान्यावर धाडून देईन सगळ्यांला. मंग तुमी माझ्याशी भांडायचं न्हाई."

एवढं बोलून ते आले तसे चालत गेले. तो शुक्रवार होता.

मी शिरड शहापूरची. डिझेलची व्हॅन चालवते. गाडी आधी नवरा चालवायचा; त्याच्या मणक्यानं दगा दिला तेव्हा एक्केचाळिसाव्या वर्षी मी स्टिअरिंग हातात घेतलं. पहिलं वर्षभर लोक 'बाई गाडी चालवून राहिली' म्हणून पाहायला रस्त्यावर यायचे, दुसऱ्या वर्षापासून गुपचूप मागे बसायला लागले. माझ्या तोंडाचा पट्टा इंजिनाच्या पट्ट्यापेक्षा मजबूत आहे असं नवरा म्हणतो, आणि ते खोटं नाही. तांड्यावरच्या नऊ पोरी मी रोज आणते-नेते. त्यातल्या चौघी तेव्हा बारावीला होत्या, आणि त्या तांड्यातून बारावीपर्यंत पोचलेल्या त्या पहिल्याच. परीक्षेचं केंद्र औंढ्याला. माझी गाडी नसेल तर त्यांना तिथं पोचवणारं दुसरं काहीही नव्हतं, आणि हे त्यांना, मला आणि नायकांना, सगळ्यांनाच माहीत होतं.

तांडा माळाच्या पलीकडे खोलगट जागेत आहे. तिथून डांबरी रस्त्याला लागायला दीड किलोमीटरचा चढ. गाडीचा आजार असा की सपाटीला ती सुतासारखी सरळ चालायची, पण पोरी भरून चढाला लागली की अर्ध्यावरच्या बाभळीपाशी तिचा दम तुटायचा. आचके द्यायची आणि बंद पडायची. पंधरा-वीस मिनिटं थांबलं की पहिल्या चावीला सुरू, जसं काही झालंच नाही. नवरा म्हणाला, तापते. शेजारी म्हणाले, जागा बरी नाही. मी म्हणाले, डिझेलात पाणी आहे. आणि नुसतं म्हणून थांबले नाही, वसमत रोडच्या पंपावर जाऊन तिथल्या माणसाची यथास्थित पूजा करून आले. त्यानं बिचाऱ्यानं काचेच्या भांड्यात डिझेल काढून दाखवलं, पाणी तपासायचा लेप दाखवला. मी पाहिलंच नाही. "मी तुमचं डिझेल घरी आणून फडक्यातून गाळल्याबिगर कधी टाकत न्हाई," मी त्याला चार माणसांत सुनावलं, "तरी ही तऱ्हा. गाळलं नसतं तर गाडीचं काय झालं असतं?"

ते गाळणं माझ्या अभिमानाचं होतं. माझा बा गावात लोकांच्या विहिरींवरची तेलाची इंजिनं चालवायचा. डिझेल ओतण्याआधी नरसाळ्यावर कापड धरून ते गाळायचं, ही त्याची सवय. पोटाला भाकरी चाळल्या पिठाची आणि इंजिनाला डिझेल गाळलेलं, असं तो म्हणायचा. मीही तेच करत आले. शेजारचा पोरगा मोटरसायकलवर दोन कॅन भरून आणायचा आणि मी अंगणात बसून गाळून गाडीत टाकायची. हळदीचा हंगाम, गावभर धूळ उडते. मला वाटायचं, माझ्याएवढी काळजी गाडीची कुणी घेत नसेल.

शनिवारी सकाळी गाडी मिस्त्रीकडे नेली. मिस्त्री मूळचे हट्टा गावचे, पन्नाशीचे. कुठल्याशा मोठ्या शहरात इंजिनांच्या कारखान्यात वर्षं काढून परत आलेले, आमच्या गावाबाहेर पत्र्याची शेड टाकून बसलेले. डाव्या हाताचं पहिलं बोट अर्धंच. आमच्याकडे बाकीचे मेकॅनिक फोनवर नुसता आवाज ऐकूनच 'पंप गेला' म्हणून सांगतात. हे तसे नाहीत. मी सगळी कहाणी सांगितली, पंपवाल्याची चोरीही सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं.

"बराबर हाय ताई. पण आपुन गाडीला इचारू," एवढंच म्हणाले आणि पेटी आणायला आत गेले.

मला कुठला दम. सोमवार डोक्यावर, आणि हा माणूस गाडीला विचारणार. मला तर उत्तर ठाऊक होतं: लाइनीत हवा अडकलीय. बाचं इंजिन अडलं की तो चालू इंजिनावरच नळीचा नट अर्धा आटा सैल करायचा, फेसाळ डिझेल बाहेर येऊ द्यायचा, नितळ धार आली की नट आवळायचा. मी लहानपणी शंभरदा पाहिलेलं. मी गाडी सुरू केली, बॉनेट उघडलं, सतराचा पाना घेतला आणि इंजिनावरून जाणाऱ्या बारक्या लोखंडी नळीच्या नटाला लावला.

पाना फिरणार तोच माझ्या मनगटावर असा फटका बसला की पाना जाऊन पत्र्यावर आदळला. मिस्त्री समोर उभे. चेहरा पांढराफटक. त्यांनी आधी चावी फिरवून इंजिन बंद केलं, मग दोन पावलं मागे सरकले.

"माफ करा ताई. बाईमाणसाला हात लावायचा न्हाई, मला कळते. पण दुसरा इलाज नव्हता."

मी चिडणार होते. त्यांच्याकडे पाहिलं आणि नाही चिडले. त्यांनी ते अर्धं बोट माझ्यासमोर धरलं.

"म्यापण हेच केलतं. जुन्या गाड्यांची सवय. नव्या इंजिनाचा नट चालू गाडीवर ढिला केला. धार दिसली न्हाई. लागली तेबी कळलं न्हाई, बारीक ठिपका, डास चावल्यावानी. दोन तासांनी हात सुजून काळा पडून राहिला. डिझेल कातडीतून आत घुसलं व्हतं. नांदेडला डॉक्टरनं सांगितलं, बोट देतूस का हात देतूस."

मग त्यांनी मला त्या नळीखाली आडवी बसवलेली जाड लोखंडी सळई दाखवली. माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत भरेल एवढी. तिला रेल म्हणतात, त्यांनी सांगितलं; मोठा पंप डिझेल दाबून दाबून हिच्यात भरतो आणि इथून ते चार नळ्यांनी चार इंजेक्टरांकडे जातं. त्यांनी मोबाइलसारखा स्कॅनर गाडीला जोडला, मला लांब उभं केलं आणि गाडी सुरू केली. गाडी नुसती उभी, पायही लावलेला नाही, आणि स्कॅनरवर आकडा आला तीनशे.

"तीनशे काय?" मी विचारलं.

"बार. तुमच्या टायरात हवा किती, अडीच बार. हे तीनशे. चढाला लागली की चौदाशे, पंधराशेला जाते."

मी मनातल्या मनात भागाकार करायला गेले आणि थांबले. सहाशे टायरांचा दाब त्या हातभर सळईत. चार वर्षं मी तिच्यापासून दोन हातांवर बसून गाडी चालवत होते, पोरींना ओरडत होते, आरशात पाहून केस सारखे करत होते. गाडी बंद झाल्यावर, पुरेसा वेळ जाऊ देऊन, मिस्त्रीनं त्या सळईला हात लावू दिला. ती नुसती कोमट होती, चुलीजवळ ठेवलेल्या तांब्यासारखी. मला भीती वाटली, पण त्याहून जास्त आदर वाटला. एवढं सगळं आत धरून ठेवायचं आणि बाहेर आवाजही करायचा नाही, हे मला माणसांतही फार ठिकाणी दिसलेलं नाही. माझ्यात तर नाहीच.

नंतर त्यांनी जे केलं ते मी पाहतच राहिले. पेटीतून खोकल्याच्या औषधाच्या चार रिकाम्या बाटल्या काढल्या, धुऊन लख्ख केलेल्या, आणि दवाखान्यातल्या सलाईनच्या चार नळ्या. इंजेक्टर जेवढं डिझेल वापरत नाही तेवढं मागे सोडतो. खराब इंजेक्टर जास्त सोडतो. चारही इंजेक्टरांच्या मागच्या तोंडांना नळ्या लावल्या, बाटल्या एका तारेवर ओळीनं टांगल्या आणि गाडी सुरू केली. थेंब थेंब डिझेल उतरायला लागलं. इंजिन धडधडत होतं आणि बाटल्या हळूहळू भरत होत्या. थोड्या वेळानं गाडी बंद केली. चारही बाटल्यांत डिझेल एका पातळीला. चार लेकरांना आईनं सारखं दूध वाढावं, तसं. एकाही बाटलीत बोटभर इकडे-तिकडे नाही.

"हे चौघं बेकसूर," मिस्त्री म्हणाले.

मला एकदम वाटलं की या माणसाकडे यावं आणि आपल्या घरातलीही एकेक भांडणं अशी बाटल्यांत टांगून द्यावीत.

"आता तिथं जाऊ जिथं तकलीफ व्हते," ते म्हणाले. "शेडमधी गाडी शहाण्यावानी वागते. पाहुण्यासमोर लेकरू वागते तशी."

निघण्याआधी त्यांनी आणखी एक काम केलं. टाकीत एक छोटा पंप असतो, तो डिझेल पुढे ढकलतो. इंजिनाजवळचा मोठा पंप ते दाबतो. त्या दोघांच्या मधल्या नळीला त्यांनी एक लांब रबरी नळी जोडली, ती बॉनेटच्या फटीतून बाहेर काढली आणि तिच्या टोकाचं गोल काट्याचं गेज समोरच्या काचेवर बाहेरून चिकटपट्टीनं चिकटवलं, माझ्या डोळ्यांसमोर. "ह्या बाजूला दाब कमी असते, बोटाला भ्याव न्हाई," त्यांनी हसून सांगितलं. काटा चारवर होता. तो चारवरच राहायला पाहिजे होता.

पोरींच्या वजनाचं काय, असा प्रश्न आला. रिकामी गाडी कधी बंद पडतच नव्हती. मिस्त्रीनं थोडा विचार केला आणि म्हणाले, नऊ पोरी म्हणजे आठ पोती. शेजारच्या खळ्यावर हळद शिजवून वाळवून भरलेली होती. आम्ही तिथून आठ पोती मागून घेतली, शाळेच्या बाकांवर पोरी बसतात तशी गाडीत मांडली आणि माळ उतरून तांड्यापर्यंत गेलो. गाडीत हळदीचा असा वास भरला की मी लग्नघर घेऊन निघाल्यासारखं वाटत होतं. तांड्यातल्या चार बाया बाहेर येऊन पाहू लागल्या. नायकांच्या घराचं दार उघडं होतं, पण ते बाहेर आले नाहीत.

मी गाडी वळवली आणि चढाला लागले. मिस्त्री शेजारी, मांडीवर स्कॅनर. त्याच्यावर दोन आकडे शेजारी शेजारी दिसत होते.

"हा गाडीनं मागितलेला. हा तिला मिळालेला," त्यांनी बोट ठेवून दाखवलं.

मागितलेला हजार, मिळालेला हजार. मागितलेला बाराशे, मिळालेला बाराशे. मी पाय दाबेन तसे दोन्ही आकडे जोडीनं वर चढत होते, आणि माझ्या पायाखालची ती अॅक्सिलरेटरची साधी पट्टी एवढं मोठं काहीतरी मागते आणि तिला ते त्याच क्षणी मिळतंही, हे पाहून माझ्या अंगावर काटा आला. काचेवरचा काटा मात्र साडेतीनवर आला होता. मग तीनवर.

"बघत राहा," मिस्त्री म्हणाले. "तिला अजून कळलं न्हाई."

खरंच कळलं नव्हतं. काटा दोनवर आला तरी मोठा आकडा चौदाशेला चौदाशे. इंजिनाचा आवाजही भरदार. पुढून बाभूळ दिसायला लागली. काटा दीडवर, एकवर. मग मिळालेला आकडा घसरला: तेराशे, हजार, सातशे. मागितलेला अजून पंधराशेच दाखवत होता. गाडीनं ते ओळखीचे आचके दिले आणि बाभळीपाशी बंद पडली.

मी कपाळाला हात लावला. मिस्त्री मात्र समाधानानं मान हलवत होते, डॉक्टरला नाडी सापडल्यासारखे.

"मोठा पंप शेवटपर्यंत लढला बिचारा. त्याच्यात खोट न्हाई. त्याला मागून प्यायलाच मिळून न्हाई राहिलं."

आम्ही तिथं वीस मिनिटं थांबलो. ते गाडीखाली पालथे पडून टाकीला कान लावून होते. मग चावी फिरवली, काटा टुणकन चारवर. "चाललं की चिकटते, थांबलं की सुटते," ते कपडे झटकत म्हणाले. "टाकीत कायतरी हाय ताई."

"पंपवाल्याची घाण," मी म्हणाले. मला तर आतून गुदगुल्याच झाल्या. नायकांसमोर, गावासमोर मी खरी ठरणार होते.

दुपारी टाकी उतरवली. आतला छोटा पंप बाहेर काढला. त्याच्या तळाला बारीक जाळीची पिशवी असते, तिच्यातून गाळून पंप डिझेल ओढतो. ती जाळी काळी असते, असं मिस्त्री म्हणाले. आमची पांढरी होती. तिच्यावर मऊ, घट्ट, पांढरा थर बसला होता, बारीक घोंगडीच म्हणा ना. त्यांनी तो नखानं अलगद सोलला, पेपरवर पसरला आणि सुईनं विंचरायला लागले. कापसाचे तंतू सुटत गेले. आणि त्या पांढऱ्यातून एक निळा दोरा बाहेर आला.

बोटभर लांब. डिझेलात राहून रंग उडालेला, तरी निळाच.

माझा बा विहारात जाताना पांढरं धोतर नेसायचा. ओढ्यावर सगळ्यांची धोतरं एकत्र वाळत पडायची, अदलाबदल नको म्हणून आपल्या धोतराची किनार तो स्वतः निळ्या दोऱ्यानं शिवायचा. टाके वाकडे असायचे, पण पक्के. तो गेल्यावर आईनं ती चार धोतरं मला दिली. मी त्यांचे चौकोन कापले आणि डिझेल गाळायला घेतले, कारण त्यांच्यासारखं मऊ कापड दुसरं घरात नव्हतं आणि कारण बाच्या कापडातून गाळलेलं डिझेल चांगलंच असणार, असं मला मनापासून वाटायचं. शेवटचं धोतर सगळ्यात जुनं होतं. ते मी दिवाळीनंतर काढलं होतं, आणि गाडीचं दुखणंही त्यानंतरचंच.

मी तो दोरा उचलून तळहातावर घेतला. मग म्हणाले, "मिस्त्री, हे माझ्या बापाचं धोतर हाय."

ते हसले नाहीत. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमच्या बानं चूक केली न्हाई ताई. त्याच्या इंजिनाला हे बराबर व्हतं. त्याच्या नळ्या मोठ्या, तंतू आरपार निघून जात व्हता. ह्या गाडीला तिची सोताची गाळणी हाय. आपुन वरून जुनं कापड लावलं, ते झिजून तंतू सोडत गेलं, थोडं थोडं, चार महिने. तुमी माया केली, ती हितं येऊन बसली."

दोन टन वजनाची गाडी, आठ पोती हळद, पंधराशे बारचा तो पंप, आणि या सगळ्याला चढावर थांबवणारी गोष्ट म्हणजे फुंकरीनं उडेल असं सूत. आणि ते माझ्याच हातचं. काखेत कळसा आणि मी पंपापर्यंत जाऊन गावाला वळसा घालून आले होते. मला शरम वाटली. पण खरं सांगायचं तर शरमेहून जास्त चकित झाले होते. गेल्यावरही बाच्या हातचा दोरा एवढा चिवट राहिला होता की मिस्त्रीच्या सुईशिवाय सुटला नाही.

रविवारी टाकी धुऊन कोरडी केली, नवी जाळी, नवं फिल्टर बसवलं. हळदीची पोती घेऊन तो चढ चार वेळा चढलो. काटा चारवरून हलला नाही. मिस्त्री म्हणाले, गेज काढू नका, उद्या पोरींना सोडून आल्यावर आणून द्या. वाटेत मी पंपावर थांबले आणि त्या माणसाची माफी मागितली. एवढं वाईट मला कधी वाटलं नव्हतं, कारण तो रागावलाच नाही; खुर्ची दिली आणि म्हणाला, "म्याडम, पुढच्या डावाला ते काचेचं भांडं तरी पाहा." मी पाहिलं. डिझेल नितळ होतं.

नवरा म्हणाला, नायकाला सांग एक पार्ट गेला होता, बदलला. त्यात खोटंही फार नव्हतं. जाळी बदललीच होती. पण तांड्याकडे जाताना मला सारखं त्या स्कॅनरवरचे दोन आकडे आठवत होते. नायकांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती, भरवसा. पार्टची गोष्ट सांगितली असती तर त्यांना मिळाला असता तो नुसता पार्ट.

ते घरासमोर बाजेवर बसले होते. पोरी आत अभ्यास करत होत्या. मी आल्याचं कळताच पाठांतराचे आवाज थांबले. मी उभ्या उभ्याच सांगितलं.

"नायक, दोष गाडीचा न्हाई. पंपवाल्याचाबी न्हाई. माझा हाय." आणि मग धोतराचं, गाळण्याचं, सगळं सांगितलं. तो दोरा कागदात गुंडाळून आणला होता, तो त्यांच्या हातावर ठेवला.

त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, उलटसुलट पाहिला. मला वाटलं, संपलं. ज्या बाईला स्वतःच्या हातानं केलेलं कळलं नाही तिच्या गाडीत कोण आपल्या पोरी घालेल. त्यांच्या जागी मी असते तर मी घातल्या नसत्या.

"आमचे जुने लोक बैलांच्या पाठीवर मीठ वाहत व्हते," ते शेवटी म्हणाले. "बैल अडला की आधी खूर पाहायचं, अन् मंग आपुन बांधलेली दोरी. माझा बाप सांगे, दहा डावांतून सात डाव दोरीच असते." त्यांनी दोरा परत कागदात गुंडाळला आणि मला दिला. "उद्या म्या गाडीत बसतो."

'हो' म्हणाले नाहीत, 'नाही'ही म्हणाले नाहीत. एवढंच.

सोमवारी सकाळी नायक पांढरा पटका बांधून माझ्या शेजारच्या सीटवर बसले. मागे नऊ पोरी. चौघींच्या हातात प्लास्टिकच्या पिशव्यांत हॉलतिकीट. रोज गाडीत एवढा कलकलाट असतो की मला हॉर्नसुद्धा ऐकू येत नाही. त्या दिवशी एकीच्याही तोंडून शब्द नाही. काचेवर बाहेरून चिकटवलेलं ते गेज पाहून एकीनं हळूच विचारलं, "मावशी, ते काय?" मी म्हणाले, "ह्याचा काटा चारवर राह्यला पाहिजे." एवढं पुरे झालं. सगळ्या पुढे सरकल्या. नायकांना अंक वाचता येत नाहीत. मी चारच्या जागी खडूनं काचेवर एक रेघ मारली होती, ती त्यांना दाखवली.

चढ लागला. मी आरशात पाहिलं, तर नऊ जणींच्या माना सीटांच्या मधून पुढे आलेल्या आणि अठरा डोळे त्या रेघेवर. शेजारी म्हातारा, तोही रेघेवर. मला रस्ताही दिसत होता आणि काटाही. त्या हातभर सळईत आता चौदाशेच्या वर गेलं असेल, माझ्या पायाखाली, या सगळ्यांसाठी. बाभूळ आली. एका पोरीनं दुसरीचा हात धरला. काटा रेघेवर. बाभूळ बाजूनं गेली. काटा रेघेवर. पुढचं वळण, मग शेवटचा उभा चढ, तिथं मी दुसरा गियर टाकला तेव्हा काटा किंचित थरथरला. आणि परत रेघेवर आला.

डांबरी रस्ता आला. गाडी सपाट झाली. कुणीच ओरडलं नाही. मागे एक पोरगी रडायला लागली आणि बाकीच्या तिला हसायला लागल्या, आणि मग एकदम सगळ्या बोलायला लागल्या, तांड्याच्या गोरमाटी बोलीत, मराठीत, सूत्रं, व्याख्या, कोण कुठे बसणार, काहीच्या काही.

नायक अजून काचेकडेच पाहत होते. पाच जणींना गावच्या शाळेत सोडून औंढ्याच्या शाळेसमोर मी गाडी उभी केली, बारावीच्या चौघी उतरल्या, आत गेल्या. ते उतरले नाहीत. मी गाडी बंद केली. काटा हळूहळू खाली शून्यावर गेला, तो त्यांनी पूर्ण जाईपर्यंत पाहिला.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, परवाच्या पेपराला किती वाजता येतीस?"